दहातली पाच बदकं

आमच्या घरात डॉक्टरचं कुणी ऐकत नाही, पण शर्त सगळे पाळतात. माझे बाबा एकदा कबड्डीच्या सामन्यावर शर्त हरले आणि त्याच संध्याकाळी तळवलीतल्या न्हाव्याकडे जाऊन मिशी उतरवून आले. आई तीन दिवस त्यांच्याकडे बघून तोंडाला पदर लावत होती. कुणी जबरदस्ती केली नव्हती. समोरचा माणूस तर शर्त विसरूनही गेला होता. "मी बोललो ना," एवढंच बाबांचं म्हणणं. लोक म्हणतात, हा गुण फार थोर आहे. लोकांना त्या गुणाबरोबर राहावं लागत नाही.

तर या माणसाच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. डाव्यातही होताच, पण तो जरा मागून येत होता. डॉक्टरबाईंनी मला सांगितलं, उजवा आता थांबायचा नाही. अजून पिकू दिला तर डोळ्यातला दाब वाढेल, आणि मग ऑपरेशन करूनही नजर येईलच असं नाही. हेच त्यांनी बाबांनाही दोनदा समजावलं. बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मना सगला दिसतंय." आणि दाराशी काढलेल्या चपलांमधून डॉक्टरबाईंच्या चपला घालून बाहेर पडले.

आई गेल्यापासून बाबा तळवलीच्या घरात तळमजल्यावर एकटे राहतात. वर भाडेकरू. मी घणसोलीच्या सोसायटीत, रिक्षानं दहा मिनिटांवर. मी गेले की ते चहा करायचे, आणि अर्धा चहा कपाच्या बाहेर. ठाणे-बेलापूर रोड ओलांडताना म्हणे ट्रकचा आवाज ऐकून अंदाज घेतात. मी डोक्याला हात लावला तर उलट मलाच, "कान हायेत ना मना?" पुण्याचा माझा धाकटा भाऊ रोज फोन करून विचारायचा, काय झालं ऑपरेशनचं. फोनवरून काळजी करण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. गोड बोलून झालं, रागावून झालं, एकदा मी जेवणाचं ताट ढकलून उठले, तेही झालं. उत्तर एकच, "डोल्याला हात लावायचा नाय." का नाही, ते सांगायचे नाहीत.

अशातच तळवलीच्या माळ्यावर मोठं पातेलं शोधायला चढले आणि पातेल्यामागे व्हिडिओ गेमचं खोकं सापडलं. खोक्यावर गाड्या, विमानं, आणि आनंदानं किंचाळणारा एक गोरा पोरगा. आत गेम, दोन रिमोट, एक बंदूक आणि ती पिवळी कॅसेट, जिच्यावर लिहिलं होतं ९९९९ इन १. तिच्यात गेम होते चार. तेच चार वेगळ्या नावांनी, कधी जरा जोरात, कधी जरा हळू. लहानपणी भाऊ आणि मी एका अख्ख्या सुट्टीत ९९९९ पर्यंत खाली खाली गेलो होतो, शेवटी काहीतरी भारी असणार म्हणून. शेवटी बदकं होती. पहिल्या नंबरलाही बदकंच होती.

बदकं म्हणजे बाबांचा गेम. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात ते फिटर होते. पहिली पाळी संपवून यायचे आणि आमच्या हातातून बंदूक काढून घ्यायचे. पाटावर बसायचे, डावा डोळा मिटायचे, जीभ ओठाच्या कोपऱ्यात. दहापैकी दहा. लहानपणी खाडीच्या बांधावर गलोलीनं खरी बदकं पाडलेला माणूस तो, आमचं टीव्हीतलं पाखरू त्याच्यापुढे काय टिकणार! गल्लीतली पोरं खिडकीच्या गजांना लटकून बघायची. आई ओरडायची, "आधी हातपाय धुवा, मग मारा त्यांना!" माझ्या बापाला काहीतरी जमतं आणि ते सगळी गल्ली बघते, याचा मला जो माज होता तो पुढे कशाचाच आला नाही, अगदी स्वतःच्या नोकरीचासुद्धा.

मी तो गेम घणसोलीला आणला आणि त्रेचाळीस इंची टीव्हीला जोडला. पिन बसली, चित्र आलं. आणि अरे देवा.

द्रोणागिरीला मी एका गोदामाच्या ऑफिसात कागदपत्रं बघते. तिथल्या आमच्या ग्रुपवर माझ्या वयाची माणसं आठवड्यातून दोनदा जुन्या गेमचे फोटो टाकतात, खाली रडकी तोंडं, आणि 'खरं बालपण आपलंच' असा मजकूर. या सगळ्यांना माझी विनंती आहे, बाबांनो, फोटोच टाका. गेम लावू नका. माझ्या आठवणीत तिथं तळं होतं, पाणी हलत होतं, मागे झाडी होती, संध्याकाळ होत होती. टीव्हीवर एक निळा पट्टा होता आणि खाली एक हिरवा पट्टा. झाडी नव्हतीच. संध्याकाळ आमच्या खिडकीबाहेर होत असणार. बदक म्हणजे रांगोळीचे बारा-तेरा ठिपके, आणि उडणं म्हणजे दोन चित्रं आलटून पालटून. संगीत तर असं, की शेजारच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं, गॅसचा अलार्म वाजतोय का. याच्यासाठी मी शाळा बुडवली होती!

पण तिथंच सोफ्यावर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आलं. डॉक्टर हरले, मी हरले, भाऊ हरला. शर्त अजून कुणी लावलीच नव्हती.

रविवारी बाबांना जेवायला बोलावलं. बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी. जेवण झाल्यावर मी बंदूक त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती चाचपली आणि ओळखली. चेहरा असा खुलला, की क्षणभर मलाच माझी लाज वाटली. पण क्षणभरच.

"बाबा, तुमाला सगळं दिसतं ना? मग लागली शर्त. दहातली पाच पाडा. पाडली तर डोळ्याचा विषय मी मरेपर्यंत काढणार नाही. नाही पाडली तर ऑपरेशन."

"पाचच?" बाबा म्हणाले. "आठ बोल."

"पाच."

"बरा. बोललो."

खरं सांगते, मला भीती होती. उजव्या डोळ्यानं त्यांना दोन-तीन तरी दिसणार, असा माझा हिशोब होता. पण हात जुना, बदकं कुठून निघतात हे पाठ, चुकून पाच पडली असती तर तो डोळा मी स्वतःच्या हातानं घालवला असता. ते पुढे सरकून बसले. डावा डोळा मिटला. जीभ कोपऱ्यात.

पहिलं गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला ते जरा पुढे झुकले. दर वेळी तो चुकल्याचा कर्कश सूर वाजत होता आणि बाबा दर वेळी बंदुकीकडे बघत होते. दहा बदकं आली, दहा उडून गेली. एकही पडलं नाही.

"परत लाव," ते म्हणाले. मी परत लावलं. परत शून्य.

त्यांनी बंदूक टीपॉयवर ठेवली, हळूच. मग म्हणाले, "कवा जायाचा?"

जिंकले! मी आत जाऊन भावाला फोन केला आणि इतकी फुशारकी मारली की विचारू नका. येत्या शनिवारची तारीख घेतली. बाबांना रिक्षानं सोडून आले, भांडी आवरली, आणि सहज, आपली मजा म्हणून, बंदूक उचलली. शून्य. हसले, म्हटलं आपली कधीच नव्हती नजर. जवळ गेले. शून्य. शेवटी नळी टीव्हीच्या काचेला टेकवून बदकाच्या पोटावर चाप ओढला. बदक खुशाल उडून गेलं आणि तो सूर वाजला.

घणसोली स्टेशनजवळ एक टीव्ही मेकॅनिक होते, आता मोबाईलची कव्हरं विकतात. दुसऱ्या दिवशी ऑफिसची बस सोडून त्यांना गाठलं. ते पोट धरून हसले. "ताई, ती बंदूक मारत नाय कायच. ती बघते. चाप ओढला की पडद्यावर बदकाच्या जागी एक सेकंद पण नाय, एवढुसा पांढरा उजेड येतो, तो तिला दिसला की बदक पडलं. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर तो लगेच येतो. या नव्या सपाट टीव्हीवर उशिरा येतो, तोवर बंदुकीनं बघून झालेलं असतं. नेमबाजीत मेडल घेतलेला माणूस आणा, त्याच्यानं पण नाय पडायचं."

म्हणजे आंधळी बंदूक होती. बाबा हरले नव्हतेच. त्या टीव्हीसमोर कुणीही हरलं असतं.

आता कुणीही शहाणं माणूस म्हणेल, जाऊन सांगायचं. पण सांगितलं की ऑपरेशन गेलं. मी गप्प बसायचं ठरवलं. खोटं बोलले नाही, फक्त बोलले नाही, असं मी स्वतःला दिवसातून चार वेळा बजावायचे. एका वेळेस पटलं असतं तर चार वेळा कशाला लागलं असतं?

मला वाटलं होतं सहा-सात दिवसांचा प्रश्न आहे. दुसऱ्याच दिवशी तळवलीला गेले तर बाबा भिंतीला हात लावून मोरीकडे जात होते. चाळीस वर्षं ज्या घरात डोळे मिटून फिरले, त्या घरात. बाहेरच्या ओट्यावर बसायचे ते बसले नव्हते. "कोन जातंय ते दिसत नाय, तर रामराम कुनाला करू?" परवापर्यंत दिसत होतं! धूसर का होईना, दिसत होतं. मनगटातलं घड्याळ काढून कपाटात ठेवलं होतं. चहा करायचा सोडला होता. मी दिलेला कप दोन्ही हातांत धरून, तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला वळवून म्हणाले, "तू खरी बोललीस बाय. मी उगाच तोरा केला. एक पन नाय दिसला गो मना."

मी "होईल सगळं नीट" असं काहीतरी पुटपुटले. रिक्षात बसून रडले, आणि रिक्षावाल्यानं विचारलं तर म्हटलं, सर्दी झालीय.

आणि त्या दिवसांतच ते का नको म्हणत होते ते कळलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आपणहून म्हणाले, "तुझ्या आईला तिथं नेली, ती परत आयली नाय." आईचा आजार वेगळा, हॉस्पिटल वेगळं, सगळंच वेगळं. पण भीती काय पत्ता विचारून येते? इतके महिने मी या माणसाला हट्टी, आडमुठा, काय काय म्हणाले होते. मला कुणीतरी दोन ठेवून द्यायला हव्या होत्या.

ऑपरेशन झालं. वीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. बाबांनी आधी खोलीभर बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "तुझे केस कवा पिकले?" सगळ्यांसमोर! मग चार दिवस माझ्याकडे होते, तर नुसता उच्छाद. पंख्यावर धूळ, कोपऱ्यात जाळं, ज्या भिंतीचा रंग क्रीम समजत होते ती पांढरी निघाली. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या टाक्या मोजून मला आकडा सांगायचे. मी इतकी खूश होते की जाळं काढायलाही सुचलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी म्हणाले, "ती बंदूक लाव."

मी ड्रॉप घालायची वेळ झाली म्हटलं. ड्रॉप झाल्यावर, पिन सापडत नाही म्हटलं. त्यांनी नव्या डोळ्यानं पिन शोधून दिली. मग मी म्हटलं, डॉक्टरनी महिनाभर टीव्ही नको सांगितलाय, आणि ही मात्र थाप होती, सरळसरळ. आधीचं जे काय होतं त्याला निदान थाप म्हणायची गरज नव्हती. बाबांनी मानलं. डॉक्टरचं ते आता ऐकायला लागले होते, काय वेळ!

महिना भरत आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, उजवा छान झालाय, आता डावा करून टाकू. बाबा म्हणाले बघू. आणि माझ्याकडे वळून, "आता बदका पाडतो, मंग बघू."

मग मी काय करणार? पावण्याला गेले. एका भंगारवाल्याच्या शेडमध्ये मागच्या भिंतीला ट्यूबचे टीव्ही रचलेले होते. त्यानं एक लावून दाखवला, एकवीस इंची, एका कडेला जांभळा डाग. "मॅडम, हे न्यायला कोण येत नाही, टाकायला येतात," तो म्हणाला. टेम्पोतून तो टीव्ही, आणि पिशवीत गेम, तळवलीच्या घरात नेला. उचलताना दोन भाडेकरू घामाघूम झाले. बाबा पायरीवर उभे राहून बघत होते. "हा कशाला? तुझ्याकडं एवढा मोठा हाय ना?"

माझ्याकडे तयार उत्तर होतं. साधं होतं, म्हणायचं, जुन्याची मजा वेगळी, आणि त्यांना पटलंही असतं. ते समोर उभे राहून नीट माझ्या तोंडाकडे बघत होते. महिन्याभरापूर्वी त्यांना माझं तोंड असं दिसत नव्हतं. माझ्यानं नाही झालं.

"बाबा, त्या टीव्हीवर ही बंदूक चालतच नाही. कुणाचंच बदक पडत नाही. माझंपण नाही पडलं. तुमी हरला नव्हता."

"तुला कवा कलला?"

"त्याच रात्री."

ते खाटेवर बसले. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. "सा दिवस," ते म्हणाले. "सा दिवस मी भिंत धरून चाललो. आनि तू बघत व्हतीस?"

"सांगितलं असतं तर तुमी आला नसता."

"नसतो आलो."

दोन्ही खरं होतं.

मग ते उठले, पाट घेतला आणि टीव्हीसमोर ठेवला. "लाव. शर्त परत. तीच, दहातली पाच. पन आता डाव्या डोल्याची. पाडली तर डावा हाय तसा ऱ्हाईल, आनि तू त्यावर तोंड उघडायचा नाय."

नाही कुठल्या तोंडानं म्हणणार होते? उजवा डोळा आता लख्ख होता. मी चोरून मिळवलेल्या त्या नजरेनं ते आता दहापैकी दहा पाडणार आणि डावा डोळा घालवणार, हे मला समोर दिसत होतं. माझ्या कर्माची फळं, दुसरं काय.

टीव्ही लागला. आणि गंमत बघा, त्या जुन्या ट्यूबवर ते ठिपके एकमेकांत मिसळले आणि बदकं बदकांसारखी दिसायला लागली. तळं काही आलं नाही. झाडीही नाही. पण निळा पट्टा जरासा पाण्यासारखा थरथरत होता. हे गेम या धुरकट काचेसाठीच केलेले असणार; स्वच्छ काचेत त्यांचं भंगार उघडं पडतं.

"चार सरावाची," बाबा म्हणाले. डावा डोळा मिटला आणि चार बदकं चार गोळ्यांत खाली. माझ्या वयाला न शोभणारा एक चीत्कार माझ्या तोंडून गेला. बाबांनी वळूनही बघितलं नाही.

"आता मोज."

आणि त्यांनी डावा हात उचलला आणि तळवा उजव्या डोळ्यावर घट्ट दाबला. मी सांगितलं नव्हतं. शर्तीत कोणत्या डोळ्यानं मारायचं ते आम्ही बोललोच नव्हतो. शर्त डाव्याची होती, म्हणून त्यांनी डावाच लावला.

एका हातात बंदूक जरा हलत होती. पहिलं गेलं. दुसरं पडलं. तिसरं, चौथं गेलं. पाचवं पडलं, सहावं पडलं. मी खाटेची पट्टी धरून बसले होते. त्यांनी जिंकावं असंही वाटत होतं आणि हरावं असंही. सातवं गेलं, आठवं गेलं. नववं अगदी कडेला, जांभळ्या डागात, तिथं पडलं. चार झाली. दहावं मधूनच वर निघालं, सोपं होतं, आणि बाबांची नळी त्याच्या खालून गेली.

तो सूर वाजला. त्यांनी हात डोळ्यावरून काढला नाही लगेच. मग काढला, बंदूक खाली ठेवली आणि माझ्याकडे वळले.

"तारीख घे," ते म्हणाले. "आज हरलो मी. मागं नवतो हरलो."

मी काही बोलायला गेले तर हुंदकाच आला, मोठा, लाज आणणारा.

"रडतंस कशाला गो?" बाबा म्हणाले. "जिकलीस ना तू?"